गाडीतले पाणी जाते कुठे?

(इयत्ता आठवी ते दहावीसाठी विज्ञान-पाठ. पालकांनी आणि व्हॅनचालकांनीही अवश्य वाचावा.)



उन्हाळ्याची सुट्टी लागली की आपल्या इंदूरच्या मराठी घरांतून मोठ्या गाड्या बाहेर पडतात. कोणी ओंकारेश्वरला दर्शनाला, कोणी पुण्याला लग्नाला, कोणी मुंबईला मामाकडे. गाडीत आजी, आत्या, मुलेबाळे आणि वर सामान अशी सात-आठ माणसे असतात. बाहेर ऊन चाळिशीच्या पुढे, एसी चालू आणि समोर घाट. खंडवा रस्त्याने गेलात तर भेरूघाट, मुंबई रस्त्याने गेलात तर मानपूरच्या पुढचा घाट आणि नंतर कसारा. वाफ सोडत कडेला उभी राहिलेली गाडी अशाच ठिकाणी दिसते.

त्या गाडीजवळ उभा असलेला माणूस बहुतेक वेळा एकच वाक्य बोलतो, "पाणी तर परवाच भरले होते!" आजचा पाठ या वाक्याबद्दल आहे. पाणी भरले होते हे खरे, पण ते भरावे का लागले, हा प्रश्न त्याने परवाच विचारायला हवा होता.

१. दोन टाक्या, दोन कामे

ओम्नी, ईको, इनोव्हा, एर्टिगा, कोणतीही कौटुंबिक गाडी घ्या. तिच्यात प्लास्टिकच्या दोन पांढरट टाक्या असतात. एक वॉशरची. तिच्यातील पाणी पुढच्या काचेवर उडते आणि वायपर ते पुसतो. दुसरी कूलंटची. ती रेडिएटरला बारीक नळीने जोडलेली असते आणि तिच्यातील द्रव इंजिन थंड ठेवण्याच्या कामी येतो.

मुख्य फरक नीट लक्षात ठेवा. वॉशरचे पाणी संपण्यासाठीच असते. काच धुतली की ते रस्त्यावर सांडते, म्हणून ते वारंवार भरणे योग्य आहे. कूलंट मात्र बंद चक्रात फिरते. इंजिनातून रेडिएटरमध्ये आणि रेडिएटरमधून परत इंजिनात. ते खर्च होण्याची वस्तू नाही. अनेक महिन्यांत टाकीतून अगदी थोडे उडून जाणे चालते, पण दर आठवड्याला ते घालावे लागत असेल तर ते कुठून तरी बाहेर पडत आहे. पदार्थ नाहीसा होत नाही, हा नियम तुम्ही शाळेत शिकला आहात. तो गाडीलाही लागू आहे.

म्हणून या पाठाचे सूत्र असे: वॉशरमध्ये पाणी भरले की काम झाले. कूलंट भरले की शोध सुरू झाला.

२. इंदूरला बर्फ पडत नाही, मग कूलंट कशाला?

हा प्रश्न पालक नेहमी विचारतात. थंड देशांत कूलंटला गोठण-विरोधी द्रव म्हणतात, त्यामुळे आपल्याला त्याची गरज नाही असा समज झाला आहे. प्रत्यक्षात आपल्याकडे त्याची दुसरी तीन कामे जास्त महत्त्वाची आहेत.

पहिले काम उकळण्याचे तापमान वाढवण्याचे. (माझे शिक्षण हिंदी माध्यमात झाले. तिथे आम्ही याला 'क्वथनांक' म्हणत असू, मराठी पुस्तकात 'उत्कलनांक' म्हणतात. अर्थ एकच.) इंदूर समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर आहे, म्हणून इथे उघड्या भांड्यातील पाणी १०० नव्हे तर सुमारे ९८ अंश सेल्सियसला उकळते. कूलंटमध्ये साधारण निम्मे पाणी आणि निम्मे एथिलीन ग्लायकॉल असते. हे मिश्रण उघड्यावरही १०५ अंशांच्या आसपास जाऊन उकळते.

दुसरे काम गंज रोखण्याचे. इंजिनात लोखंड, ॲल्युमिनियम, रबर असे सगळे एकत्र असते. नुसत्या पाण्याने धातू खराब होतात. कूलंटमधील रसायने ती झीज थांबवतात. ही रसायने काळाने कमजोर होतात, म्हणून कूलंट ठराविक मुदतीनंतर पूर्ण बदलावे लागते. मुदत गाडीच्या पुस्तिकेत दिलेली असते.

तिसरे काम क्षारांपासून बचाव. आपल्या माळव्यातील बोअरिंगचे पाणी बरेचदा जड असते. गीझरच्या कॉइलवर आणि चहाच्या पातेल्यात बसणारा पांढरा थर तुम्ही पाहिला आहे. तोच थर रेडिएटरच्या बारीक नळ्यांत बसला की पाणी फिरते, पण उष्णता बाहेर जात नाही. यासाठी कूलंट दाट स्वरूपात विकत घेतले असेल तर ते डिस्टिल्ड पाण्यातच मिसळावे, म्हणजे बॅटरीत घालतो त्या पाण्यात. तयार मिश्रणाच्या डब्यात मात्र आणखी पाणी घालू नये. आणि 'जास्त दाट तर जास्त चांगले' असेही नाही. नुसते ग्लायकॉल पाण्यापेक्षा कमी उष्णता वाहून नेते.

३. झाकणाखाली दडलेली वाफ

रेडिएटरचे झाकण म्हणजे साधे बूच नाही. ती स्प्रिंग बसवलेली झडप आहे. अनेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो. झाकण आत किती दाब धरून ठेवते, तो हा आकडा. कुकरमध्ये डाळ लवकर का शिजते? दाब वाढला की उत्कलनांक वाढतो म्हणून. रेडिएटरमध्येही तेच होते. ०.९ च्या झाकणाखाली नुसते पाणीसुद्धा आपल्याकडे सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंटचे मिश्रण सुमारे १२५ अंशांपर्यंत टिकते.

आता नववी-दहावीच्या मुलांनी एक हिशेब करावा. समजा आत ११५ अंशांचे पाणी आहे आणि कोणी झाकण उघडले. दाब क्षणात गेला. आता ते पाणी ९८ अंशांच्या वर पाणी म्हणून राहू शकत नाही. १७ अंशांची जादा उष्णता वाफ होण्यात जाते.

एका किलो पाण्यात ही उष्णता ४.२ × १७ = सुमारे ७१ किलोज्यूल. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २२६० किलोज्यूल लागतात (अप्रकट उष्मा, हिंदीत गुप्त ऊष्मा). म्हणजे ७१ भागिले २२६०, सुमारे ३२ ग्रॅम पाण्याची तत्काळ वाफ होईल. ३२ ग्रॅम म्हणजे दोन-तीन चमचे. पण तेवढ्याची वाफ सुमारे ५५ लीटर जागा व्यापते! एका लीटर पाण्यामागे ५५ लीटर वाफ, आणि ती उरलेले उकळते पाणी बरोबर घेऊन थेट तोंडावर आणि हातांवर येते.

म्हणून गरम गाडीचे झाकण उघडायचे नाही. कपडा धरूनही नाही, अर्धा आटा फिरवूनही नाही. काही गाड्यांत रेडिएटरला झाकण नसते, टाकीवरच दाबाचे झाकण असते. त्यालाही हाच नियम. भाजल्यास त्या जागेवर २० मिनिटे नळाचे वाहते गार पाणी सोडावे. टूथपेस्ट, हळद, बर्फ लावू नये. लगेच डॉक्टरांकडे न्यावे.

४. पातळी पाहण्याची रीत

सकाळी, गाडी थंड असताना, सपाट जागेवर पाहावे. टाकीवर 'लो' आणि 'फुल' अशा अर्थाच्या दोन खुणा असतात. पातळी त्यांच्या मध्ये हवी. यासाठी झाकण उघडावे लागत नाही, बाहेरूनच दिसते. इंजिन तापले की द्रव प्रसरण पावतो आणि झडपेतून टाकीत येतो. निवले की परत ओढला जातो. म्हणून संध्याकाळी पातळी वर आणि सकाळी खाली दिसणे हा दोष नाही. रोज सकाळची तुलना सकाळशीच करावी.

एक फसवी गोष्ट सांगतो. कधी टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर रिकामा असतो. झाकणाची परतीची झडप खराब झाली किंवा मधली नळी फाटली, तर द्रव टाकीतून परत जात नाही. टाकीची पातळी सकाळ-संध्याकाळ अजिबात हलत नसेल तर हा संशय घ्यावा. अशा वेळी मिस्त्रीकडून, पूर्ण थंड गाडीत, रेडिएटर तपासून घ्यावा.

५. कूलंट उतरते आहे, तर शोधा

रात्री गाडीखाली जुनी वर्तमानपत्रे किंवा पुठ्ठा अंथरा. सकाळी डाग पाहा. डाग कोठे पडला आणि कसा आहे, यावरून बरेच कळते.

• स्वच्छ पाणी, वास नाही, रंग नाही: बहुधा एसीचे पाणी. हवेतील बाष्प थंड होऊन टपकते. काळजी नको.
• हिरवा, गुलाबी किंवा निळसर डाग, बोटाला चिकट, गोडसर वास: कूलंट. नळीची क्लिप ढिली, रबराचा पाइप तडकलेला, रेडिएटर गळका किंवा वॉटर पंप झिजलेला. (हात लावल्यास साबणाने धुवा. चव कधीही घेऊ नका.)
• काळा-तपकिरी तेलकट डाग: इंजिनचे तेल. तो वेगळा विषय, पण दुर्लक्ष नको.
• पुढच्या कोपऱ्यात पाणी किंवा निळसर पातळ द्रव, चिकट नाही: वॉशरची टाकी.

रंगावर फार विसंबू नका. प्रत्येक कंपनी आपला रंग घालते, रंग म्हणजे प्रकार नव्हे. वेगवेगळ्या प्रकारचे कूलंट एकमेकांत मिसळू नये.

जमिनीवर डाग नाही, तरी पातळी उतरते. मग पाणी कुठे गेले? दोन जागा राहिल्या.

एक, गाडीच्या आत. पुढच्या पायाखालचा गालिचा ओला, आत गोड वास आणि काचेवर आतून तेलकट धुके येत असेल, तर हीटरचा छोटा रेडिएटर गळतो आहे. गालिचा ओला पण वास नाही, तर एसीची निचऱ्याची नळी तुंबली आहे. दोन्हींत गालिचा सारखाच ओला दिसतो, पण दुरुस्तीच्या खर्चात मोठा फरक असतो. म्हणून मिस्त्रीला वासाबद्दल आवर्जून सांगा.

दोन, इंजिनच्या आत. हेड गॅस्केट खराब झाले की कूलंट इंजिनात जळते. गाडी चांगली तापल्यावरही मागून दाट पांढरा गोड वासाचा धूर येतो, तेलाच्या झाकणाखाली दुधाच्या सायीसारखा थर दिसतो. थंडीच्या सकाळी थोडी पांढरी वाफ येणे मात्र सर्वच गाड्यांत होते. दाट धूर आणि साय दोन्ही दिसली तर गाडी चालवू नये, ओढून न्यावी.

६. गाडी कधी तापते, हेही सांगा

'गाडी गरम होते' एवढेच सांगितले तर मिस्त्री चाचपडतो. कधी गरम होते ते पाहा. राजवाड्याच्या गर्दीत तापते आणि मोकळ्या रस्त्यावर काटा खाली येतो, तर संशय पंख्यावर. कारण हळू चालताना वारा नसतो, पंखाच सर्व काम करतो. याउलट वेगात किंवा चढावर तापते आणि गर्दीत ठीक राहते, तर रेडिएटर तुंबलेला, थर्मोस्टॅट पूर्ण न उघडणारा किंवा कूलंट कमी. थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन साधारण ८० अंशांच्या पुढे गेल्यावर वाट उघडणारी झडप.

काही ठिकाणी थर्मोस्टॅट काढूनच टाकतात. "आता कधीच गरम होणार नाही," असे सांगतात. हा उपाय नाही. इंजिन योग्य तापमानाला पोचत नाही, डिझेल-पेट्रोल जास्त लागते आणि झीज वाढते. ताप उतरत नाही म्हणून थर्मामीटर फेकण्यासारखेच ते आहे.

७. घाटात काटा चढला तर

चढावर इंजिन जास्त काम करते, वेग कमी असतो, वारा कमी लागतो. त्यात एसी आपली उष्णता रेडिएटरच्या पुढेच सोडतो. अशा वेळी क्रमाने असे करावे.

(१) काटा वर जाऊ लागताच एसी बंद करावा. हीटर असल्यास पूर्ण सोडावा. मुलांना गरम होईल, पण इंजिनची थोडी उष्णता तिकडे निघून जाईल.
(२) सुरक्षित रुंद जागा पाहून गाडी कडेला घ्यावी. चारही इंडिकेटर लावावेत.
(३) वाफ दिसली किंवा काटा शेवटाला टेकला तर इंजिन लगेच बंद.
(४) माणसे रहदारीच्या उलट बाजूने उतरावीत आणि रस्त्यापासून दूर सावलीत उभी राहावीत. दरीच्या काठावर नव्हे.
(५) निदान पाऊण तास ते तासभर काहीही उघडू नये. तापलेल्या इंजिनवर गार पाणी ओतू नये, धातू तडकतो.
(६) पूर्ण निवल्यावर पातळी पाहावी. जवळ फक्त पिण्याचे पाणी असेल तर निभावण्यापुरते तेही चालते. पण जवळच्या गॅरेजपर्यंतच, आणि तिथे गळती शोधून मिश्रण पुन्हा नीट करून घ्यावे.

ओम्नी आणि ईकोबद्दल खास सूचना. ओम्नीचे उत्पादन २०१९ मध्ये थांबले, तरी जुन्या गाड्या अजून दिसतात. या दोन्ही गाड्यांत इंजिन पुढच्या सीटखाली असते. म्हणजे वाफ आणि गरम पाणी बोनटखाली नव्हे, माणसांच्या जवळ असते. वाफेचा वास आला की प्रथम मुलांना उतरवावे. सीट उचलून 'काय झाले' ते पाहणे नंतर, इंजिन निवल्यावर. मुलांना ने-आण करणाऱ्या प्रत्येक चालकाने हे लक्षात ठेवावे.

८. वॉशर चालत नाही

हा भाग सोपा आहे आणि बराचसा घरी करता येतो. गाडी उभी असताना, किल्ली 'ऑन' करून, एकाने वॉशरची दांडी ओढावी आणि दुसऱ्याने बाहेर उभे राहून ऐकावे.

मोटरची घरघर ऐकू येते पण पाणी येत नाही: टाकी रिकामी, जाळीत गाळ, नळी निघालेली किंवा तोंड बंद. एकाच बाजूने पाणी येते तर मोटर निर्दोष आहे, दोष त्या बाजूच्या तोंडात किंवा फाट्यात. तोंडातील क्षार बारीक टाचणीने हलकेच काढावा. रिकाम्या टाकीवर बटण दाबत राहू नये, मोटर खराब होते.

आवाजच येत नाही: फ्यूज, तारेचा जोड, स्विच किंवा मोटर. प्रथम फ्यूज पाहावा.

टाकी भरली की दोन दिवसांत उतरते: इथे एक सुंदर निरीक्षण करता येते. पातळी दरवेळी एकाच उंचीवर येऊन थांबत असेल तर भेग त्याच उंचीवर आहे. जवळजवळ सगळेच पाणी जात असेल तर तळाशी, मोटर बसवलेल्या रबराजवळ पाहा.

मागच्या काचेलाही फवारा असलेल्या गाड्यांत पाण्याची नळी पूर्ण गाडीभर फिरते. मागे पाणी येत नाही आणि आत छताची किंवा बाजूची गादी ओली होते, तर नळी मध्येच निघाली आहे. तोवर मागचा फवारा वापरू नये.

टाकीत काय घालावे? काचेसाठी मिळणारा वॉशर द्रव उत्तम. पुष्कळ जण शांपूची पुडी घालतात. फेस होतो आणि काचेवर पातळ थर राहतो. दिवसा तो दिसत नाही, पण रात्री समोरच्या गाडीचा प्रकाश त्यावर पसरतो आणि रस्ता दिसेनासा होतो.

९. अदलाबदल आणि विष

दोन्ही टाक्यांची झाकणे वेगळी असतात. वॉशरच्या झाकणावर काच आणि फवाऱ्याचे चित्र असते. कूलंटच्या झाकणावर तापमानाचे चिन्ह किंवा गरम असताना न उघडण्याची सूचना असते. तरीही घाईत चूक होते. वॉशरचा द्रव कूलंटच्या टाकीत गेला तर गाडी चालू करू नका. टाकी रिकामी करून धुवून घ्या. चालू केली असेल तर सर्व कूलंट बदलणे योग्य. कूलंट वॉशरमध्ये गेले तर ते काचेवर चिकट थर देते, समोरचे दिसत नाही. तेही पूर्ण काढावे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. एथिलीन ग्लायकॉल विष आहे आणि चवीला गोड आहे. रंगही सरबतासारखा. पोटात गेल्यावर शरीरात त्याची आम्ले तयार होतात आणि मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. उरलेले कूलंट पाण्याच्या किंवा सरबताच्या बाटलीत कधीही ठेवू नका. मूळ डब्यातच, कुलपात ठेवा. सांडलेले लगेच धुवा, रस्त्यावरची कुत्री ते चाटतात. काही वॉशर द्रवांत मिथेनॉल असते, तेही विषारीच. मुलाच्या तोंडात गेल्याचा संशय आला तरी उलटी करवू नका, लक्षणांची वाट पाहू नका. डबा सोबत घेऊन तत्काळ रुग्णालयात जा.

स्वाध्याय

१. सात दिवस रोज सकाळी घरच्या गाडीच्या दोन्ही टाक्यांची पातळी बाहेरून पाहून वहीत लिहा. (वडीलधाऱ्यांसोबतच. कोणतेही झाकण उघडायचे नाही.)
२. एका गाडीचे कूलंट आठवड्याला कमी होते. जमिनीवर डाग नाही, पायाखाली गालिचा कोरडा आहे. आता काय तपासाल? का?
३. झाकणाखाली ११० अंशांचे दोन किलो पाणी आहे. इंदूरला झाकण उघडले तर किती ग्रॅम वाफ होईल?
४. गाडी फक्त सिग्नलवर तापते. मिस्त्रीला एका वाक्यात काय सांगाल?

उत्तरे विज्ञानाच्या तासाला आणावीत. पालकांना विनंती की पहिल्या प्रश्नाची वही गाडीतच ठेवावी. विश्वस्त मंडळालाही माझी सूचना आहे की मुलांना आणणाऱ्या प्रत्येक व्हॅनमध्ये अशी वही असावी. रोज एक ओळ लिहायची: तारीख, पातळी, भरले असल्यास किती. आठवड्यात दुसऱ्यांदा 'भरले' असे लिहावे लागले तर त्या दिवशी ती व्हॅन गॅरेजमध्ये जावी, मुलांना घेऊन रस्त्यावर नव्हे.

सर्वांना सुट्टीच्या आणि सुखरूप प्रवासाच्या शुभेच्छा.

— प्राचार्य